पायातल्या आडवाटा

चेन्नई सेंट्रलच्या बाहेर पडलं की रस्त्यापलीकडे सरकारी जनरल हॉस्पिटल. तिथली बर्नार्ड इन्स्टिट्यूट ऑफ रेडिओलॉजी १९३४ साली सुरू झाली. आशियातल्या अगदी जुन्या क्ष-किरण संस्थांत तिची गणना होते. याच शहरातल्या मद्रास डायबेटिस रिसर्च फाउंडेशनने आयसीएमआरबरोबर केलेल्या पाहणीतून २०२३ मध्ये भारतातल्या मधुमेहींचा आकडा आला: दहा कोटींहून अधिक. यातल्या कितीतरी जणांचं दुखणं शेवटी पायात उतरतं. म्हणून रक्तवाहिन्यांच्या जीन थेरपीची गोष्ट मला चेन्नईपासून सांगावीशी वाटते.

गुडघ्याखाली तीन धमन्या पावलाकडे जातात. त्या पाहण्यासाठीच्या डीएसए या क्ष-किरण अँजिओग्राफीत आधी एक चित्र घेतात, मग कॅथेटरमधून औषध सोडून दुसरं. संगणक पहिलं चित्र दुसऱ्यातून वजा करतो. हाडं पुसली जातात आणि उरतात धमन्यांच्या काळ्या रेषा. मधुमेहात त्या मध्येच तुटतात. तंबाखूमुळे होणाऱ्या बर्जरच्या आजारात तुटल्या जागी स्प्रिंगसारख्या वेटोळ्या वाहिन्या दिसतात. शरीर आपणहून आडवाट काढत असतं. जीन थेरपीला याच धडपडीला बळ द्यायचं होतं.

बोस्टनच्या जेफ्री इस्नर यांनी नव्या वाहिन्या वाढवणाऱ्या व्हीईजीएफ या प्रथिनाचा जीन फुग्यावरच्या जेलमध्ये मुरवला, कॅथेटरने तो फुगा पायाच्या धमनीत नेला आणि फुगवला. १९९६ साली 'लॅन्सेट'मध्ये सत्तरी ओलांडलेल्या एका बाईंची हकिकत आली. अँजिओग्राफीत नव्या वाहिन्या दिसल्या; पायाला सूजही आली, कातडीवर लाल जाळीदार ठिपके उठले. जीन पोचवला कॅथेटरने, आणि साक्षही क्ष-किरणांचीच.

पण नवी वाहिनी दिसली म्हणून पाय वाचतोच असं नाही. एफजीएफ या अशाच दुसऱ्या प्रथिनाच्या जीनची चाचणी ३० देशांत ५२५ रुग्णांवर झाली. पाय कापावा लागणं किंवा मृत्यू, यांत काही फरक पडला नाही, असं २०११ मध्ये जाहीर झालं. रशियाने त्याच वर्षी स्वतःच्या जीन-औषधाला परवानगी दिली. जपानने एचजीएफ या आणखी एका प्रथिनाच्या जीनच्या औषधाला २०१९ मध्ये सशर्त मान्यता दिली; २०२४ मध्ये कंपनीने ते मागे घेतलं.

मला इथे मोजमापाचा प्रश्न जीनइतकाच मोठा वाटतो. अगदी बारीक वाहिन्या अँजिओग्राफीत दिसतच नाहीत, आणि दिसलेली प्रत्येक वाहिनी कातडीपर्यंत पुरेसं रक्त नेतेच असं नाही. म्हणून चित्राच्या जोडीला पायाच्या अंगठ्यातला रक्तदाब आणि कातडीतला ऑक्सिजनही मोजायला हवा. शिवाय व्हीईजीएफ हे प्रथिन कर्करोगाच्या गाठीला आणि मधुमेहींच्या डोळ्यांतल्या नाजूक वाहिन्यांनाही खतपाणी घालू शकतं. त्यामुळे रुग्ण निवडताना डोळ्यांत तेल घालून तपासावं लागतं.

आपल्याकडे हे काम होणार नाही, असं मात्र कुणी म्हणू नये. चेन्नईपासून दोन-तीन तासांवरच्या वेल्लोरच्या सीएमसीत तीव्र हिमोफिलियाच्या पाच रुग्णांवर जीन थेरपी यशस्वी झाल्याचं डिसेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध झालं. तो आजार रक्ताचा, वाहिन्यांचा नव्हे. पण जीन हाताळणारे हात आपल्याकडे तयार आहेत.

पायांसाठी अशी थेरपी येईपर्यंत हातात आहे ते करू. घरात कुणाला मधुमेह असेल तर वर्षातून एकदा पावलातली नाडी तपासून घ्या. जखम भरत नसेल तर रक्तप्रवाहाची डॉप्लर तपासणी करून घ्या. आणि जीव वाचवण्याची तातडी नसेल, तर पाय कापण्याच्या कागदावर सही करण्याआधी डॉक्टरांना विचारा: अँजिओग्राफी झाली आहे का?