फोन बदलताना सोबत काय येते

स्मार्टफोनची ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे पडदा, कॅमेरा, स्पीकर, साठवणूक हे फोनचे सगळे भाग चालवणारी आणि कोणत्या ॲपला काय वापरता येईल हे ठरवणारी मूळ प्रणाली. ती बदलणे याचा व्यवहारातला अर्थ आज अँड्रॉइडकडून आयफोनकडे किंवा आयफोनकडून अँड्रॉइडकडे जाणे एवढाच उरला आहे. 2007 मध्ये ॲपलने आयफोन बाजारात आणला आणि 2008 मध्ये अँड्रॉइडवर चालणारा पहिला फोन विक्रीस आला, तेव्हा नोकियाच्या फोनांतील सिम्बियन आणि ब्लॅकबेरी या प्रणालींचा दबदबा होता, आणि पुढे मायक्रोसॉफ्टही विंडोज फोन घेऊन या स्पर्धेत उतरली. परंतु या तिन्ही प्रणाली बाजारातून गेल्या असून ब्लॅकबेरीच्या जुन्या फोनांना आधार देणाऱ्या सेवाही 4 जानेवारी 2022 रोजी बंद झाल्या. अँड्रॉइड ही गूगलची प्रणाली सॅमसंग, शाओमी, विवो अशा अनेक कंपन्यांच्या फोनांत असते, त्यामुळे यांतील एका कंपनीचा फोन सोडून दुसरीचा घेणारा ग्राहक प्रणाली बदलत नाही, आणि त्याचे गूगल खाते नव्या फोनात उघडले की बऱ्याच गोष्टी पाठोपाठ उतरतात. आयफोनची आयओएस ही प्रणाली मात्र ॲपलखेरीज कोणाच्याच फोनात नसते, म्हणून अडचणी सुरू होतात त्या ही सीमा ओलांडताना.

एक वस्तू सोडून दुसरी घेताना तिच्या किमतीपलीकडे जो वेळ, जी मेहनत आणि जे नुकसान सोसावे लागते, त्याचा अभ्यास अर्थशास्त्रात फार आधीपासून होत आला आहे. ब्रिटिश अर्थतज्ज्ञ पॉल क्लेम्परर यांनी 1987 मध्ये दाखवून दिले की, असा खर्च जितका मोठा, तितका ग्राहक नाइलाजाने जुन्या विक्रेत्यापाशी टिकून राहतो आणि विक्रेत्यांमधील स्पर्धा तितकी मंदावते. कार्ल शापिरो आणि हॅल व्हेरियन यांनी 1990 च्या दशकाच्या अखेरीस ‘इन्फर्मेशन रूल्स’ या पुस्तकात हाच विचार संगणक आणि माहितीच्या व्यवसायाला लावून दाखवला, आणि पुढे व्हेरियन यांनी गूगलचे मुख्य अर्थतज्ज्ञ म्हणून दीर्घकाळ काम केले. ग्राहक अडकून पडण्याची ही प्रक्रिया कंपन्यांच्या लक्षात आपसूक आलेली नाही. ती त्यांच्या धोरणाचा अभ्यासलेला भाग आहे, ही गोष्ट फोन बदलू पाहणाऱ्याने आधीच ध्यानात घेतलेली बरी.

फोनमधील काही माहिती सर्वांना खुल्या असलेल्या, कोणत्याही कंपनीच्या मालकीच्या नसलेल्या नमुन्यात साठवलेली असते आणि ती कोठेही जाऊ शकते. काही माहिती एकाच कंपनीला वाचता येईल अशा नमुन्यात असते, म्हणजे ती जाऊ शकली असती, पण तिच्यासाठी वाट ठेवलेली नसते. तिसरी माहिती अशी की जी फोनबाहेर जाऊच नये म्हणून मुद्दाम बंदिस्त केलेली असते, आणि ती तशी असण्यातच वापरणाऱ्याचे हित असते. या दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकारांतला फरक सामान्य ग्राहकाला कोणीही समजावून सांगत नाही. जे आले नाही ते ‘सुरक्षेच्या कारणाने’ आले नसावे, अशी समजूत तो करून घेतो, आणि मग ज्याला कोणतेही तांत्रिक कारण नाही असे नुकसानही मुकाट्याने सोसतो.

खुल्या नमुन्याचे सर्वांत सोपे उदाहरण म्हणजे नावे आणि नंबर. व्हीकार्ड या नावाचा नमुना 1990 च्या दशकाच्या मध्यापासून वापरात आहे आणि दोन्ही प्रणाली तो जाणतात. तरीही मराठी माणसाच्या फोनात येथेच पहिला गोंधळ उडू शकतो. व्हीकार्डची जुनी आवृत्ती इंग्रजीबाहेरचे प्रत्येक अक्षर सांकेतिक रूपात लिहिते, त्यात देवनागरीच्या एकेका चिन्हासाठी बरोबरच्या खुणा आणि इंग्रजी अक्षरे-आकडे मिळून नऊ चिन्हे खर्ची पडतात, आणि ‘विठ्ठल’ हे नाव वेलांटी व हलन्त धरून सहा चिन्हांचे असल्यामुळे फाइलमध्ये ते चोपन्न चिन्हांची माळ होऊन बसते. फाइल उघडणाऱ्या ॲपला हा संकेत ठाऊक असेल तर नाव पुन्हा जसेच्या तसे दिसते, नसेल तर सगळी यादीच निरर्थक दिसू लागते. यावर उपाय असा की, नंबर फाइलने न पाठवता अँड्रॉइडवर ते आधी गूगल खात्यात साठवावेत आणि तेच खाते आयफोनच्या सेटिंग्जमध्ये जोडावे. मग मधली फाइलच टळते. वर्षानुवर्षे ज्यांनी नंबर सिमकार्डवर साठवले आहेत त्यांनी तर हे आवर्जून करावे, कारण सिमकार्डवर साधारणपणे नाव आणि नंबर यापलीकडे काही मावत नाही, आणि जुने सिम बदलले की तेही जाते.

खरा जीव अडकतो तो व्हॉट्सॲपमध्ये. मराठी कुटुंबांचा रोजचा पत्रव्यवहारच आता त्यात आहे: लग्नाच्या याद्या, दवाखान्याच्या कागदांचे फोटो, सोसायटीचे हिशेब, आणि आता हयात नसलेल्या माणसांच्या आवाजातील निरोपसुद्धा. या चॅटची राखीव प्रत, म्हणजे बॅकअप, अँड्रॉइडवर गूगल ड्राइव्हमध्ये आणि आयफोनवर ॲपलच्या आयक्लाउडमध्ये ठेवली जाते, आणि व्हॉट्सॲप एकच असूनही एका ठिकाणची प्रत दुसऱ्या प्रणालीवरील व्हॉट्सॲपला उघडता येत नाही. अनेक वर्षे या दोन्हींमध्ये अधिकृत वाट नव्हतीच. आयफोनकडून काही सॅमसंग फोनांकडे चॅट नेण्याची सोय 2021 मध्ये आणि अँड्रॉइडकडून आयफोनकडे नेण्याची सोय 2022 मध्ये सुरू झाली. हा विलंब सुरक्षेमुळे झाला असे म्हणता येत नाही, कारण संदेशांवरचे सांकेतिक कुलूप तेव्हाही होते आणि आजही आहे, आणि तरीही आज चॅट जातात. म्हणजे आधी वाट नव्हती ती कोणी केलेली नव्हती म्हणून.

ही वाट अरुंद आहे. अँड्रॉइडकडून आयफोनकडे जाताना जुन्या फोनात ॲपलचे ‘मूव्ह टू आयओएस’ हे ॲप घ्यावे लागते, नवा आयफोन सुरुवातीच्या मांडणीच्या टप्प्यावर असावा लागतो, त्याच्या पडद्यावर दिसणारा आकड्यांचा संकेत जुन्या फोनात भरावा लागतो, आणि मग दोन फोन आपसात तात्पुरते वायफाय जाळे उभारून माहिती पाठवू लागतात. त्या वेळी यादीतील व्हॉट्सॲपवर खूण करायची राहिली, किंवा दुकानदाराने घाईत फोन ‘चालू करून’ दिला, की तो टप्पा मागे पडतो, आणि पुन्हा तेथे यायचे तर नवा फोन पुसून मूळ स्थितीत आणावा लागतो. दोन्ही फोन चार्जरला लावलेले असावेत, फोन नंबर तोच असावा, आणि काम चालू असताना जुन्या फोनातील ते ॲप पडद्यावरून हलवू नये, कारण मध्येच दुसरे काही उघडले तर पाठवणी तुटू शकते. इतके करूनही कॉलची यादी येत नाही. व्हॉट्सॲपमधील ‘एक्स्पोर्ट चॅट’ ही सोय अनेकांना पर्याय वाटते, परंतु तिने मिळते ती केवळ वाचण्यापुरती मजकुराची फाइल. ती नव्या फोनातील व्हॉट्सॲपमध्ये परत भरता येत नाही. म्हणून नवा फोन दुकानातच सुरू करून घेण्याचा मोह टाळावा आणि घरी, निवांत वेळी, जुना फोन शेजारी ठेवूनच तो सुरू करावा.

बँकेच्या ॲपची गोष्ट याच्या अगदी उलट आहे. मुंबईत मुख्यालय असलेल्या नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनने उभी केलेली आणि 11 एप्रिल 2016 रोजी मुंबईतच रिझर्व्ह बँकेचे तत्कालीन गव्हर्नर रघुराम राजन यांच्या हस्ते सुरू झालेली यूपीआय ही व्यवस्था पैसे देणाऱ्याची ओळख केवळ पिनवर सोडत नाही. खाते, सिमकार्ड आणि तो विशिष्ट फोन यांची ती आधी सांगड घालते. या सांगडीसाठी फोनमधून एक एसएमएस बँकेकडे जातो, तो कोणत्या नंबरावरून आला हे बँक पाहते, आणि तो खात्यात नोंदलेल्या नंबराशी जुळला तरच त्या फोनाला मान्यता मिळते. त्याशिवाय अशा ॲपच्या गुप्त किल्ल्या फोनच्या आत वेगळ्या सुरक्षित भागात ठेवता येतात, ज्यातून त्या बाहेर काढता येत नाहीत. ॲपलने 2013 मधील आयफोन 5एसपासून असा भाग दिला, आणि अँड्रॉइड फोनांतही त्याच तत्त्वाची योजना आहे. म्हणून कोणत्याही ‘ट्रान्सफर’ने यूपीआय ॲप चालू स्थितीत नव्या फोनात येत नाही, येऊही नये, ते आले असते तर फोनची नक्कल करणाऱ्या चोरालाही ते मिळाले असते.

प्रणाली बदलणाऱ्याला येथे एक लहानसा फरक चकवतो. अँड्रॉइडवर परवानगी दिली की ॲप तो एसएमएस स्वतःच पाठवते, तर आयफोन कोणत्याही ॲपला परस्पर एसएमएस पाठवू देत नाही. तेथे अगम्य अक्षरांचा तयार मजकूर समोर येतो आणि पाठवण्याचे बटण स्वतः दाबावे लागते. अनोळखी मजकूर पाठवू नये हे पक्के मनावर घेतलेली ज्येष्ठ माणसे येथे थबकतात, आणि त्यांचे थबकणे योग्यच आहे. परंतु ॲप अधिकृत दुकानातून स्वतः घेतलेले असेल आणि नोंदणी स्वतः सुरू केलेली असेल, तर हा मजकूर न बदलता पाठवायचा असतो. दोन सिम असतील तर बँकेत नोंदलेल्या नंबराचेच सिम निवडावे लागते, आणि त्या सिममध्ये एसएमएस जाण्याइतके रिचार्ज असावे लागते. नव्या नोंदणीनंतर पहिला काही काळ व्यवहाराच्या रकमेवर कडक मर्यादा असते, तेव्हा भाडे किंवा शाळेची फी भरायच्या दिवशी फोन बदलू नये.

अमेरिकेतील मुलाने किंवा मुलीने पुण्या-नाशिकच्या आईवडिलांसाठी आणलेला आयफोन हा प्रणाली बदलण्याचा मराठी घरांतला नेहमीचा प्रसंग. त्यात आणखी एक मुद्दा आहे. 2022 मधील आयफोन 14 पासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या आयफोनांना सिमकार्डाचा कप्पाच नसतो. त्यांत केवळ ई-सिम, म्हणजे फोनमध्ये सॉफ्टवेअरच्या रूपाने उतरवलेले सिम, चालते. आईवडिलांचे प्लॅस्टिकचे सिम आधी कंपनीकडून ई-सिममध्ये बदलून घेतल्याशिवाय त्यांचा नंबर त्या फोनात येत नाही, आणि नंबर आल्याशिवाय यूपीआय सुरू होत नाही. हे काम भेट देण्याआधी उरकलेले असले तर पुढचे अनेक मनस्ताप वाचतात.

बाकीच्या गोष्टींत फारसे काही हरवत नाही. विकत घेतलेली ॲप मात्र दुसऱ्या प्रणालीवर पुन्हा विकत घ्यावी लागतात, कारण खरेदी झालेली असते ती त्या दुकानातील परवान्याची. 2017 पासून आयफोनचा कॅमेरा फोटो एचईआयसी या कमी जागा घेणाऱ्या नमुन्यात ठेवू शकतो, आणि ऑनलाइन अर्जांना बहुधा जेपीजी लागत असल्याने कॅमेऱ्याच्या सेटिंग्जमध्ये तो पर्याय बदलून घ्यावा. मराठी मजकुराला धोका नाही, कारण दोन्हीकडे युनिकोड हाच संकेत आहे. परंतु कीबोर्डने शिकून ठेवलेले शब्द, आडनावे, गावांची नावे मागे राहतात, आणि ‘दऱ्या’मधला ऱ्य किंवा ळ नव्या कीबोर्डवर कोठे आहे हे बोटांना पुन्हा शिकवावे लागते. आयफोन सोडणाऱ्याने आपला नंबर ॲपलच्या आयमेसेज या सेवेतून काढून घ्यावा, नाहीतर इतर आयफोनधारकांचे संदेश त्या सेवेकडे जात राहतात आणि नव्या फोनात पोहोचत नाहीत. त्यासाठीची ऑनलाइन सोय ॲपलने 2014 मध्ये दिली. जुना फोन घरातल्या कोणाला द्यायचा असेल तर आधी त्यातील गूगल किंवा ॲपल खात्यातून बाहेर पडावे, कारण खाते न काढता फोन पुसला तर चोरीपासून रक्षण करणारे कुलूप नव्या मालकालाही आत येऊ देत नाही. आणि नव्या फोनात चॅट, बँक आणि फोटो नीट आल्याची खात्री होईपर्यंत जुना फोन पुसूच नये.

वापरणाऱ्याची सावधगिरी एवढ्यापुरती. यापुढचे काम कायद्याचे आहे. मोबाइल कंपनी बदलली तरी नंबर तोच ठेवण्याचा हक्क देशभर 20 जानेवारी 2011 पासून मिळाला, तो कंपन्यांच्या उदारपणातून आलेला नव्हता, नियामकाने तो लागू केला होता. माहितीच्या बाबतीत युरोपीय संघाने तोच मार्ग धरला: 2018 पासून लागू असलेल्या माहिती संरक्षण नियमांत आपली माहिती एका कंपनीकडून दुसरीकडे नेण्याचा हक्क आहे, आणि ॲपल व गूगल यांच्यासारख्या बलाढ्य कंपन्यांसाठी केलेल्या डिजिटल बाजारपेठ कायद्याची बंधने मार्च 2024 पासून लागू झाली, ज्यांत वापरणाऱ्याला त्याची माहिती सहजपणे आणि विनामूल्य बाहेर नेऊ देणे बंधनकारक आहे. भारतातही न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण यांच्या अध्यक्षतेखालील समितीने 2018 मध्ये दिलेल्या कायद्याच्या मसुद्यात असा हक्क होता आणि 2019 मध्ये संसदेत मांडलेल्या विधेयकातही तो होता. 2023 मध्ये मंजूर झालेल्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात मात्र तो वगळला गेला. माहिती पाहण्याचा, दुरुस्त करण्याचा आणि पुसून घेण्याचा हक्क या कायद्याने दिला आहे; ती सोबत घेऊन जाण्याचा हक्क त्यात पुन्हा घालावा, ही मागणी ग्राहक संघटनांनी आणि मराठी वर्तमानपत्रांनीही लावून धरण्याजोगी आहे, कारण तो हक्क मिळाल्यास व्हॉट्सॲपची गूगल ड्राइव्हमधील प्रत आयफोनवर थेट उघडून देण्याचे बंधन कंपन्यांवर घालता येईल.