मायनर आर्पेजिओ: अंगठा कुठे पडतो?

गिरगावात गाण्यावाजवण्याची शाळा जुनी आहे. ऑपेरा हाऊसजवळ प्रा. बी. आर. देवधरांनी 1925 साली स्कूल ऑफ इंडियन म्युझिक सुरू केलं. तिथून चालत धोबी तलावाला गेलं की 1865 पासूनचं फुर्टाडोज हे पाश्चात्त्य वाद्यांचं दुकान लागतं. त्यामुळे घरात पेटी आणि क्लासला पियानो असलेली मुलं इथे नवीन नाहीत. अशा मुलांना ग्रेड परीक्षेत मायनर आर्पेजिओ अवघड जातात. पण पेटीवरच्या ‘पांढरी एक, काळी चार’ या भाषेत ते मांडले, तर बराचसा गुंता सुटतो.

मायनर आर्पेजिओ म्हणजे सा, कोमल ग, प आणि वरचा सा हे सूर एकामागून एक, पुढच्या सप्तकांत चढत आणि तसेच उतरत वाजवणं. पांढरी एकचा सा धरला, तर कोमल ग काळी दोनवर येतो आणि प पांढरी पाचवर. बोटांचे क्रमांक दोन्ही हातांना सारखेच: अंगठा 1, करंगळी 5.

पट्ट्या बारा असल्या तरी मायनरमध्ये बोटांच्या मांडण्या तीनच आहेत. काळी पट्टी आखूड आणि उंच असते. अंगठा तिच्यावर नेला की अख्खा हात आत ढकलावा लागतो, म्हणून अंगठ्याला पांढरी पट्टी द्यायची. ती सा वर मिळते का, नाही तर ग वर, नाही तर प वर, हे क्रमाने पाहायचं.

पहिली मांडणी: सा पांढरा. सातही पांढऱ्या पट्ट्यांना ती चालते. उजवा हात 1-2-3, पुढच्या सा वर पुन्हा 1, आणि अगदी शेवटच्या सा वर 5. डावा हात 5-4-2-1, मग 4-2-1. काळी दोनच्या मायनरमध्ये तिन्ही सूर काळे असतात. अंगठ्याला पांढरं घर मिळतच नाही, म्हणून तिथेही हीच मांडणी वापरतात.

दुसरी मांडणी: सा काळा, ग पांढरा. काळी एक, काळी तीन आणि काळी चार या तीन पट्ट्या इथे येतात. अंगठा ग वर. उजवा हात 2 ने सुरू करायचा, मग 1-2-4, 1-2-4. डावा हात 2-1-4-2, आणि पुढे पुन्हा 1-4-2.

तिसरी मांडणी एकट्या काळी पाचची. तिथे ग काळी एकवर जातो आणि पांढरा सूर एकच उरतो, तो प, म्हणजे पांढरी चार. उजवा हात 2-3-1-2-3-1-2, डावा 3-2-1-3-2-1-3. उतरताना तीच बोटं उलट्या क्रमाने येतात.

खरी अडचण अंगठा वळवताना येते. सरगमीत तो शेजारच्या सुरावर जातो, पण पहिल्या मांडणीत प पासून वरच्या सा पर्यंत पाच अर्धस्वरांचं अंतर आहे. अंगठा तळव्याखालून ताणून तिथवर पोचवायचा प्रयत्न केला तर मनगट वाकडं होतं आणि कोपर बाहेर फेकलं जातं. त्याऐवजी तिसरं बोट प वर असतानाच कोपरापासूनचा हात उजवीकडे सरकवायचा, म्हणजे अंगठा आपोआप सा वर येतो. चाल वाढल्यावर इथे क्षणभराची फट पडली तरी चालते, झटका मात्र ऐकू येता कामा नये.

पेटीवाल्यांनी आणखी दोन गोष्टी सांभाळाव्यात. पेटीचा आवाज भात्यावर ठरतो, पियानोचा पट्टी किती वेगाने दाबली त्यावर. पेटीवर अंगठ्याचा जडपणा लपतो, पियानोवर दर तिसरा सूर धाडकन वाजतो. दुसरं, पेटीवर डावा हात भात्यात अडकलेला असतो, त्याची बोटं कच्चीच राहतात. म्हणून दोन्ही हात जुळवण्याआधी डावा एकटा, आणि उजव्यापेक्षा जास्त वेळ वाजवा.

रियाजाचा क्रम असा ठेवा. आधी सा-ग-प एकत्र दाबून हाताचा आकार बसवायचा. मग फक्त प-सा ही उडी सावकाश, पुढेमागे. त्यानंतर मेट्रोनोमवर दोन सप्तकं, आणि चाल हळूहळू वाढवायची.

बारा मायनर पाठ करत बसू नका. नवी पट्टी समोर आली की आधी तिच्यातला पांढरा सूर शोधा. अंगठ्याची जागा एकदा ठरली की बाकीच्या बोटांना फारसा पर्याय उरत नाही.