🐝 *परसातली मधपेटी पावसाळ्यात रिकामी का होते?*



परसात मधपेटी ठेवायची हौस आता बऱ्याच घरांत आहे. दिवाळीच्या सुमारास पेटी येते, उन्हाळ्यात पहिला मध निघतो, नातेवाइकांना बाटल्या जातात. आणि श्रावणात एक दिवस पाहावं तर पेटी रिकामी! मग घरात बोलणं होतं, "जागा मानवली नाही." जागेचा दोष फार कमी वेळा असतो. माश्या उपाशी असतात, म्हणून जातात. आणि या उपासमारीची सुरुवात होते मे महिन्यात, आपल्याच हातून. म्हणून हा मेसेज आत्ताच पाठवतोय.

*परसासाठी कुठली माशी?*
आग्या पेटीत राहत नाही आणि तिच्या वाटेला जाऊही नये. फुलोरी फांदीवर उघड्यावर एकच पोळं बांधते, तीही पेटीत नांदत नाही. युरोपियन माशी मध जास्त देते, पण तिला फुलोराही तसाच भरपूर लागतो. त्यामुळे पेट्या एका पिकावरून दुसऱ्या पिकावर हलवाव्या लागतात. घराशेजारी एक-दोन पेट्या ठेवायच्या तर आपली सातेरीच बरी. ती इथलीच, झाडाच्या ढोलीत, दगडाच्या कपारीत राहणारी. महाबळेश्वरच्या डोंगरातला मधव्यवसाय मुख्यतः तिच्याच जिवावर चालत आलाय. त्याच तालुक्यातलं मांघर 2022 मध्ये 'मधाचं गाव' म्हणून जाहीर झालं. पण सातेरीचा एक स्वभाव लक्षात ठेवा: खायला कमी पडलं, मुंग्यांनी किंवा मेणकिड्यानं छळलं, की ती घर सोडते.

*मे: शेवटचा मध काढताना हात आखडा*
पेटीत खाली पिलांची कोठी आणि वर मधकोठी असते. मध काढायचा तो फक्त वरच्या कोठीतला. तोही फ्रेमवरची निदान तीन चतुर्थांश घरं मेणानं बंद झाल्यावरच. उघड्या घरातला मध पातळ असतो, तो आंबतो. खालच्या फ्रेमच्या वरच्या कडेला जो मध असतो, ती माश्यांची पावसाळ्याची बेगमी. आपण कणगीतलं बियाणं विकत नाही ना? तसंच हे. मध मधयंत्रातूनच काढा. पोळं पिळलं तर पिलं मरतात आणि पुढं त्यांना सगळं पुन्हा बांधावं लागतं.
उन्हाळाभर पेटी सावलीत ठेवा. जवळ पसरट भांड्यात पाणी आणि त्यात खडे ठेवा, म्हणजे माश्या बुडत नाहीत.

*जून ते सप्टेंबर: खरी परीक्षा* 🌧️
▪️ पाऊस लागण्याआधी मधकोठी काढून घ्या. माश्या जेवढ्या फ्रेम झाकतात तेवढ्याच ठेवा. मोकळ्या पोळ्यावर मेणकिडा येतोच. जुनं काळं पोळं वितळवून मेण करा.
▪️ पेटी गुडघाभर उंच स्टँडवर ठेवा. पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवा आणि भोवतीचं गवत काढा. गवताचं एक पातं पेटीला टेकलं तरी मुंग्यांना पूल मिळतो.
▪️ पेटी पुढच्या बाजूला किंचित कलती ठेवा, दार पावसाच्या झडीकडे नको. दार अरुंद करा.
▪️ सलग पाऊस असेल तर साखरेचा पाक द्या. एक भाग साखर, एक भाग उकळलेलं पाणी. थंड करून, संध्याकाळी, पेटीच्या आतच ठेवा. रात्रीत संपेल एवढाच द्या. बाहेर सांडला तर मुंग्या आणि दुसऱ्या वसाहतीच्या माश्या लुटायला येतात. गूळ देऊ नका, माश्यांना हगवण लागते.
▪️ आठ-दहा दिवसांनी उघडीप पाहून पेटी तपासा. भर पावसात उघडू नका.

*जाण्याआधी माशी सांगते*
राणी दिसलीच पाहिजे असं नाही, अंडी दिसली की राणी आहे. पण अंडी नाहीत, लहान पिलं नाहीत, पायाला पराग लावून माश्या येत नाहीत, असं दिसलं तर समजा निघायची तयारी चालू आहे. त्याच दिवशी पाक सुरू करा, मुंग्या आणि मेणकिडा शोधा. पिलं संपल्यावर तिला थांबवणं अवघड.

*ऑक्टोबर ते फेब्रुवारी: वाढीचे दिवस*
कारळा, तीळ, तूर, सूर्यफूल फुललं की वसाहत भराभर वाढते. पोळ्याच्या खालच्या कडेला शेंगदाण्याच्या शेंगेसारखी लोंबती घरं दिसली, तर ती नव्या राणीची. तेव्हा विभागणी करून दुसरी पेटी करता येते. नाही केली तर जुनी राणी निम्म्या माश्या घेऊन उडून जाते. नवीन पेटी घ्यायचीही हीच वेळ, जूनमध्ये घेऊ नका. पुढं जांभूळ फुलली की मधकोठी भरायला लागते. मधकोठी चढवली की पाक बंद! नाहीतर बाटलीत साखरच येईल.

*बांधावरची फवारणी*
सातेरी साधारण किलोमीटर-दीड किलोमीटर फिरते. म्हणजे तुमची पेटी शेजारच्याच्या पंपाच्या टप्प्यात आहे आणि त्याची तुमच्या. फुलोऱ्यात कीटकनाशक टाळा. टाळता येत नसेल तर माश्या घरी परतल्यावर, संध्याकाळी फवारा. आदल्या दिवशी शेजाऱ्याला सांगा. भोपळा, काकडी, दोडक्याला नर आणि मादी फूल वेगळं असतं. पराग पोचवणारं कुणी नसेल तर कळी गळते. कांदा बियाणं करणाऱ्यांनाही माशीशिवाय बोंडात दाणा भरत नाही. मध हा वरचा फायदा, खरा फायदा शेतात आहे.

*परसात काय लावाल?*
नारळ, शेवगा, कढीपत्ता, लिंबू, पेरू, तुळस. पावसाळ्यात परागासाठी मक्याच्या दोन ओळी आणि वेलभाज्या. थोडी कोथिंबीर फुलावर सोडा. कारवीच्या भरवशावर राहू नका, ती साधारण सात वर्षांनी एकदा फुलते.

⚠️ पेटीचं दार जाण्या-येण्याच्या वाटेवर नको. तपासताना बुरखा घाला, धूर बेतानं द्या. काटा रुतला तर नखानं खरवडून लगेच काढा. डंखानंतर दम लागला, अंगभर गांधी आल्या किंवा चक्कर आली तर वेळ न घालवता दवाखाना गाठा.

या आठवड्याचं काम एकच: पेटी उघडा आणि खालच्या कोठीत मध किती शिल्लक आहे ते पाहा. फ्रेमचा फोटो ग्रुपवर टाका. ज्यांच्याकडे मध कमी दिसतोय त्यांनी साखर आत्ताच आणून ठेवावी. पाऊस सांगून येत नाही. 🙏