फाटकाची पट्टी आणि बावीस अ‍ॅम्पिअर

दर्यापुरातील बनोसा भागात राहणाऱ्या एका परिचितांच्या लोखंडी फाटकाची खालची पट्टी गेल्या वैशाखात निखळली, आणि ती जोडण्याकरिता एक तरुण कारागीर खांद्याला पट्ट्याने अडकविलेले यंत्र घेऊन आला, तेव्हा मला त्या यंत्राच्या आकाराचेच प्रथम नवल वाटले. कारण वेल्डिंगचे यंत्र म्हणजे चाकांच्या गाड्यावर बसविलेला आणि दोघांनी ढकलल्यावाचून न हलणारा अवजड पेटारा, एवढीच कल्पना माझ्या पिढीच्या मनात रुजलेली आहे. त्याने घरातील सोळा अ‍ॅम्पिअरच्या सॉकेटात पिन खोचली, शंभर फुटांची बारीक वायर उलगडीत तो फाटकापाशी गेला, आणि दहा नंबरचा रॉड लोखंडाला टेकविताच कुलरचा पंखा मंदावला, रॉड जागीच चिकटला, आणि ज्योत काही पेटली नाही.

यंत्रावर ठळक अक्षरांत ‘२००’ लिहिलेले होते. हा आकडा पाहून यजमान बिचकले, आणि ते स्वाभाविकच होते. परंतु हे अ‍ॅम्पिअर भिंतीतील तारांतून येत नसतात. वेल्डिंगचे यंत्र हा एक प्रकारचा सराफ आहे. तो २३० व्होल्टची मोठी नोट घेतो आणि कमी दाबाची, पण पुष्कळ प्रवाहाची मोड परत देतो. दहा नंबरच्या रॉडला १२० अ‍ॅम्पिअरच्या आसपास प्रवाह लागतो, ज्योतीचा दाब मात्र पंचवीस व्होल्टच असतो. म्हणजे ज्योतीत तीन किलोवॅट शक्ती खर्ची पडते. यंत्रात वाया जाणारी उष्णता धरली, तर मीटरमधून साडेतीन किलोवॅट घेतले जातात. हिशेब येथेच संपता तर पंधरा-सोळा अ‍ॅम्पिअरवर भागले असते. पण ही लहान इन्व्हर्टर यंत्रे वीज सारख्या ओघाने न पिता घोटाघोटाने ओढतात, त्यामुळे शक्तिगुणांक खालावतो, आणि भिंतीतील तारेला प्रत्यक्षात वीस-बावीस अ‍ॅम्पिअरचा भार सोसावा लागतो. सोळाचे सॉकेट तापते ते यामुळे.

जुन्या पेटाऱ्याची कथा याहून वेगळी. त्यात सत्तर व्होल्टचा मोकळा दाब आणि १२० अ‍ॅम्पिअर प्रवाह यांच्या गुणाकाराइतका, म्हणजे सुमारे साडेआठ केव्हीए भार, वीजवाहिनीवर पडतो, मग ज्योतीत प्रत्यक्ष उपयोग त्याच्या तिसऱ्या हिश्शाइतकाच का होईना. एका फेजवर तो लावला तर छत्तीस अ‍ॅम्पिअर ओढील. म्हणूनच वर्कशॉपवाले तो दोन फेजांच्या मध्ये, ४१५ व्होल्टवर लावीत आले, जेथे वीसांवर काम भागते. गावातील डीपी त्रेसष्ट केव्हीएची असेल, तर तिच्या एका फेजला सुमारे सत्याऐंशी अ‍ॅम्पिअरची मुभा असते. त्यांतील छत्तीस एकट्याने उचलणारा शेजारी कोणाला प्रिय होईल? संध्याकाळी दिवे लुकलुकू लागले की आजही लोक प्रथम वेल्डिंगवाल्याच्या नावाने बोटे मोडतात.

गंमत अशी की एवढ्या रुबाबाच्या मानाने विजेचे बिल क्षुल्लक येते. एक रॉड मिनिट-सव्वा मिनिटात संपतो, आणि एका युनिटात असे पंधराच्या आसपास रॉड जळतात. अकोला जिल्ह्यात पारसला अडीचशे मेगावॅटचे दोन औष्णिक संच उभे आहेत; त्यांच्यापुढे ही मागणी समुद्रात खसखस म्हणावी. तंगी असते ती अखेरच्या शंभर फुटांत. परिचितांच्या घरी मीटरपाशी दुपारचा दाब मोजला तो १९५ व्होल्ट भरला. कारागिराची वायर एक चौरस मिलिमीटर तांब्याची होती. जाण्यायेण्याचे साठ मीटर अंतर आणि वीस अ‍ॅम्पिअर प्रवाह धरता, तिने बावीस व्होल्ट वाटेतच गिळले. उरलेल्या १७३ व्होल्टवर यंत्राने जीव टाकला, यात त्याचा अपराध नव्हता. चार चौरस मिलिमीटरची वायर असती तर तोटा पाच-सहा व्होल्टांवर निभावला असता.

वऱ्हाडात आणखी दोन गोष्टींची नोंद घ्यावी लागते. पहिली उन्हाची. यंत्राच्या पट्टीवर साठ टक्के ‘ड्यूटी सायकल’ लिहिलेली असते. दर दहा मिनिटांपैकी सहा मिनिटे ज्योत, चार मिनिटे विसावा, असा तिचा अर्थ. पण हा वायदा चाळीस अंशांच्या हवेतला आहे, आणि वैशाखात आपल्याकडे पारा त्रेचाळीस-चव्वेचाळिसावर सहज चढतो. दुपारी यंत्राचा पिवळा दिवा लागून ते रुसले, तर ते बिघडले असे समजू नये. त्यालाही सावली हवी असते.

दुसरी गोष्ट अर्थिंगची, आणि ती अधिक गंभीर. दर्यापूर हे पूर्णेच्या खारपाणपट्ट्यातले गाव. येथील खारी काळी माती ओली असताना विजेला चटकन वाट देते, हे खरे. पण तीच माती उन्हाळ्यात हातभर भेगाळते, अर्थिंगच्या सळईपासून सुटून दूर होते, आणि मीठ जस्ताचा लेप खाऊन पाइप आतून पोखरते. अशा घरी यंत्राच्या पत्र्याला विजेचा स्पर्श झाला, तर प्रवाहाला उतरण्यास घाम आलेल्या हाताचाच मार्ग उरतो. त्या दिवशी मी अर्थिंगच्या खड्ड्यात दोन बादल्या पाणी ओतविले. भेगांनी ते घटकाभरात पिऊन टाकले.

कायद्याचेही एक कलम ध्यानात ठेवावे. स्वतःच्या फाटकाला टाचे मारणे वेगळे. पण घरगुती जोडणीवर वेल्डिंगचे दुकानच थाटले, तर विद्युत् अधिनियम २००३ च्या कलम १२६ अन्वये तो अनधिकृत वापर ठरून दुपटीने आकारणी होऊ शकते. व्यवसाय करावयाचा तर घरगुती जोडणीची वर्गवारी बदलून घेण्याचा आणि मंजूर भार वाढविण्याचा अर्ज द्यावा, हेच स्वस्त.

कारागिराने बराच वेळ कपाळावर हात ठेवून विचार केला. मग कुलर बंद करविला, ती लांब वायर गुंडाळून पिशवीत टाकली, आणि आम्ही तिघांनी मिळून फाटकच बिजागऱ्यांवरून उतरवून मीटरच्या खोलीच्या दारात आणून आडवे केले. तिसऱ्या रॉडला पट्टी बसली.