एका विकराची उणीव

पुरुषाच्या शरीरात टेस्टोस्टेरॉन एकटेच सारे काही करते, असा आपला समज असतो. पण गर्भात मुलाची बाह्य जननेंद्रिये घडतात ती त्यापासून बनणाऱ्या, अधिक प्रभावी डायहायड्रोटेस्टोस्टेरॉनमुळे. हे रूपांतर फाइव्ह-अल्फा रिडक्टेज हे विकर करते. दुसऱ्या गुणसूत्रावरच्या त्याच्या जनुकात दोष असला, तर एक्सवाय गुणसूत्रांचे बाळ जन्मतः मुलीसारखे दिसू शकते. वयात येताना मात्र टेस्टोस्टेरॉन वाढते, आवाज फुटतो, स्नायू भरतात. डॉमिनिकन रिपब्लिकमधल्या अशा कुटुंबांचा अभ्यास १९७४ मध्ये प्रसिद्ध झाला. दिल्लीच्या एम्समध्येही अशा रुग्णांवर संशोधन झाले आहे. प्रोस्टेटवाढ आणि टक्कल यांवरचे फिनास्टेराइड हेच विकर रोखते, म्हणून गर्भवतीने त्याच्या फुटलेल्या गोळीला हात लावू नये.

जिवाला धोका नसताना अशा बाळांवर लिंग ठरवणाऱ्या शस्त्रक्रिया करू नयेत, अशी शिफारस दिल्ली बालहक्क संरक्षण आयोगाने जानेवारी २०२१ मध्ये केली. ती मला पूर्णपणे पटते. आईवडिलांनो, घाबरू नका, घाईही करू नका. संप्रेरकतज्ज्ञाला भेटा आणि मोठे झाल्यावर मुलाला स्वतः ठरवू द्या.