पोस्ट लिहिली म्हणून केस झाली तर? ऑनलाइन लिहिणाऱ्यांचे हक्क आणि हद्द

बीड, माजलगाव, गेवराई, परळी, अंबाजोगाई, कुठेही जा. ब्लॉग लिहिणारे, बातम्यांचं पोर्टल चालवणारे, यूट्यूबवर गावाची कैफियत मांडणारे आपले तरुण सगळीकडे दिसतात. पाणी, रस्ते, रेशन, कब्रस्तानची जागा, वक्फची जमीन अशा विषयांवर ही मुलं-मुली लिहितात. घरी मात्र एकच वाक्य ऐकू येतं: "बेटा, असलं काही लिहू नको, केस होईल."

आई-वडिलांची ही भीती खोटी नाही. पण कायदा काय म्हणतो हे माहीत नसलं की दोन्हीकडून नुकसान होतं. कुणी घाबरून खरी गोष्टही लिहीत नाही, तर कुणी रागाच्या भरात नको ते लिहून अडकतो. म्हणून संरक्षण कुठपर्यंत आहे आणि हद्द कुठे सुरू होते, हे दोन्ही समजून घेऊ.

लिहायला परवाना लागतो का?

नाही. ब्लॉग लिहिण्यासाठी सरकारी परवाना किंवा प्रेस कार्ड लागत नाही. संविधानाच्या कलम 19(1)(क) ने विचार मांडण्याचं स्वातंत्र्य प्रत्येक नागरिकाला दिलं आहे. मोठ्या दैनिकाच्या संपादकाला जो हक्क आहे, तोच गेवराईतल्या कॉलेजच्या मुलीलाही आहे. गळ्यात कार्ड अडकवल्याने तो वाढत नाही आणि कार्ड नसल्याने कमीही होत नाही.

नियमित, व्यवसाय म्हणून बातम्यांचं पोर्टल चालवत असाल तर 2021 चे आयटी नियम लागू होतात. तक्रार घेणारा अधिकारी नेमायचा, त्याचं नाव व संपर्क साइटवर द्यायचा आणि तक्रारीचा निकाल 15 दिवसांत लावायचा. हौस म्हणून लिहिणारी व्यक्ती या नियमांतल्या 'प्रकाशक' व्याख्येत येत नाही. याच नियमांतल्या आचारसंहितेच्या सक्तीला मुंबई हायकोर्टाने 14 ऑगस्ट 2021 रोजी स्थगिती दिली होती.

महाराष्ट्रात पत्रकारांवरील हल्ल्यांविरुद्ध 2017 चा स्वतंत्र कायदा आहे. त्यात तीन वर्षांपर्यंत कैद आणि 50 हजारांपर्यंत दंड आहे. पण त्यातली 'पत्रकार' ही व्याख्या माध्यम संस्थेत नेमलेल्या माणसाची आहे. घरून एकट्याने ब्लॉग चालवणाऱ्याने या कायद्याच्या भरवशावर राहू नये. त्याला मारहाण झाली किंवा धमकी आली तर मारहाणीची आणि धमकीची नेहमीची कलमं आहेतच, तक्रार जरूर द्यावी.

माजलगावचा निकाल

आपल्या जिल्ह्यातलंच उदाहरण घ्या. 2020 च्या सुरुवातीला नागरिकत्व दुरुस्ती कायद्याविरुद्ध माजलगावच्या जुन्या ईदगाह मैदानावर धरणे धरायचं ठरलं होतं. प्रशासनाने जमावबंदीच्या आदेशाचा आधार घेऊन परवानगी नाकारली. प्रकरण मुंबई हायकोर्टाच्या औरंगाबाद खंडपीठात गेलं. 13 फेब्रुवारी 2020 रोजी न्या. टी. व्ही. नलावडे आणि न्या. एम. जी. सेवलीकर यांनी तो आदेश रद्द केला. एखाद्या कायद्याला विरोध करायचा आहे एवढ्यावरून लोकांना देशद्रोही किंवा गद्दार म्हणता येणार नाही, असं कोर्टाने स्पष्ट केलं.

हा निकाल धरण्याबाबतचा असला तरी तत्त्व लेखणीलाही लागू पडतं. सरकारच्या धोरणावर, कायद्यावर किंवा योजनेवर शांततेने टीका करणं हा हक्क आहे.

पालघर आणि कोल्हापूर

नोव्हेंबर 2012 मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद राहिली. पालघरच्या एका मुस्लिम तरुणीने फेसबुकवर त्याबद्दल प्रश्न विचारला, मैत्रिणीने ती पोस्ट लाइक केली. दोघींना अटक झाली. जमावाने त्या तरुणीच्या काकांच्या दवाखान्याची तोडफोड केली. पुढे त्या दोघींवरचा खटला टिकला नाही. त्यांना लावलेल्या कलमांत आयटी कायद्याचं कलम 66-अ होतं. 'त्रासदायक' मजकुरासाठीही त्यात तीन वर्षांची शिक्षा होती. या अटकेनंतर श्रेया सिंघल या कायद्याच्या विद्यार्थिनीने सुप्रीम कोर्टात याचिका केली आणि 24 मार्च 2015 रोजी ते कलम घटनाबाह्य ठरलं. तरीही ठिकठिकाणी ते लावलं जात राहिलं. म्हणून ऑक्टोबर 2022 मध्ये सुप्रीम कोर्टाला पुन्हा सांगावं लागलं की या कलमाखाली कुणावरही खटला चालवता येणार नाही. एफआयआरमध्ये आजही 66-अ दिसलं तर ते लगेच वकिलाच्या नजरेस आणून द्या.

दुसरं प्रकरण कोल्हापूर जिल्ह्यातलं. तिथल्या कॉलेजातले काश्मिरी प्राध्यापक जावेद अहमद हजाम यांनी 2022 मध्ये व्हॉट्सॲप स्टेटस ठेवलं. त्यात 5 ऑगस्ट हा जम्मू-काश्मीरसाठी काळा दिवस म्हटलं होतं आणि 14 ऑगस्टला पाकिस्तानला स्वातंत्र्यदिनाच्या शुभेच्छा दिल्या होत्या. हातकणंगले पोलिसांत दोन समाजांत तेढ पसरवल्याचा गुन्हा दाखल झाला. हायकोर्टाने तो रद्द करायला नकार दिला. 7 मार्च 2024 रोजी सुप्रीम कोर्टाने गुन्हा रद्द केला. कलम 370 हटवण्यावर टीका करण्याचा हक्क प्रत्येक नागरिकाला आहे आणि दुसऱ्या देशाला शुभेच्छा देणं म्हणजे तेढ पसरवणं नव्हे, असं कोर्ट म्हणालं.

कोर्टाने मापही सांगितलं. मजकुराचा परिणाम खंबीर, समंजस माणसावर काय होईल हे पाहायचं. प्रत्येक गोष्टीत धोका शोधणाऱ्या कमकुवत मनाच्या माणसावर काय होईल, हे नाही. हे माप मूळचं जुन्या नागपूर हायकोर्टाचं आहे.

पण एक लक्षात ठेवा. एका स्टेटससाठी त्या प्राध्यापकांना सुप्रीम कोर्टापर्यंत जावं लागलं. हक्क असला तरी तो पदरात पडेपर्यंत वेळ, पैसा आणि मनःशांती जाते. म्हणून शब्द तोलून वापरलेले बरे.

हद्द कुठे सुरू होते?

1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. ऑनलाइन लिहिणाऱ्यांवर बहुतेक वेळा तीन कलमं लावली जातात: समाजांत तेढ पसरवणं, कलम 196, जाणूनबुजून धार्मिक भावना दुखावणं, कलम 299, आणि अफवा किंवा चिथावणीखोर मजकूर, कलम 353. तिन्हींत तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे.

जवळचं उदाहरण पाहू. 30 मार्च 2025 च्या पहाटे, ईदच्या आदल्या दिवशी, गेवराई तालुक्यातल्या अर्धामसला गावच्या मशिदीत जिलेटिनच्या कांड्यांचा स्फोट झाला. जीवितहानी झाली नाही, मशिदीचं नुकसान झालं, दोघांना अटक झाली. अशा वेळी राग येणारच. "स्फोट झाला, दोघे अटकेत आहेत, पोलिसांनी अमुक कलमं लावली, बंदोबस्त का नव्हता?" असं लिहिणं ही बातमी आहे आणि सवालही आहे. ते लिहायलाच हवं. पण "तो अख्खा समाजच असा आहे, आता बघून घेऊ" असं लिहिलं की कलम 196 चं दार उघडतं. पहिल्या वाक्यांचा रोख आरोपींवर आणि प्रशासनावर आहे, दुसऱ्याचा एका पूर्ण समाजावर. कायद्याची रेषा बहुतेक वेळा इथेच असते. हीच रेषा आपल्याविरुद्ध लिहिणाऱ्यांनाही लागू आहे. त्यांची पोस्ट दिसली तर तसंच उत्तर न देता स्क्रीनशॉट, लिंक आणि तारखेसह पोलिसांत तक्रार द्या.

आणखी तीन गोष्टी पाळा:

- बलात्कार पीडितेचं किंवा लैंगिक अत्याचार झालेल्या मुलाचं नाव, फोटो, शाळा किंवा ओळख पटेल असं काहीही टाकू नका. हेतू कितीही चांगला असला तरी तो गुन्हा आहे.
- आरोप करताना कागद हातात ठेवा. बदनामीच्या कलम 356 मध्ये दोन वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा समाजसेवेची शिक्षा आहे. मात्र सत्य आणि लोकहिताची गोष्ट, तसंच लोकसेवकाच्या कामावर प्रामाणिक मत, हे अपवाद आहेत. माहिती अधिकारातलं उत्तर किंवा ग्रामपंचायतीचा ठराव यासारखी ढाल नाही.
- फॉरवर्ड आलेला व्हिडिओ तपासल्याशिवाय टाकू नका. खबर आली की आधी तहकीक करा, ही शिकवण आपल्याला नवी नाही.

दुसऱ्याने लिहिलेल्याचं काय?

गोंदियातल्या एका प्रकरणात नागपूर खंडपीठाने 1 मार्च 2021 रोजी सांगितलं की ग्रुपमधल्या सदस्याच्या मजकुरासाठी व्हॉट्सॲप ॲडमिनला फक्त ॲडमिन म्हणून दोषी धरता येत नाही. त्यासाठी दोघांचा आधीपासून ठरलेला समान हेतू दिसायला हवा. तरीही चिथावणीखोर मजकूर दिसला तर लगेच काढा आणि तो आपल्याला मान्य नाही असं तिथेच लिहा.

पोलिसांचा फोन आला तर

1. घाबरून पोस्ट डिलीट करू नका आणि फोन रिसेट करू नका. पुरावा नष्ट केल्याचा नवा आरोप लागू शकतो. पोस्ट, तारीख आणि मूळ कागद जपून ठेवा, वकिलाला दाखवा.

2. तीन ते सात वर्षांच्या आतल्या शिक्षेच्या तक्रारीत गुन्हा नोंदवण्याआधी उपअधीक्षकांच्या परवानगीने 14 दिवसांत प्राथमिक चौकशी करण्याची तरतूद आहे, नागरिक सुरक्षा संहिता कलम 173(3). इम्रान प्रतापगढी यांच्या प्रकरणात 28 मार्च 2025 रोजी सुप्रीम कोर्टाने सांगितलं की बोलण्या-लिहिण्याच्या तक्रारीत अशी चौकशी करणंच योग्य. वकिलामार्फत या निकालाचा हवाला द्या.

3. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात अटक आपोआप होत नाही. साधारणपणे आधी कलम 35(3) ची नोटीस येते. नोटीस आली की हजर राहा, टाळाटाळ केली तर अटकेला कारण मिळतं.

4. अटक झालीच तर कारणं लेखी मागा. समजणाऱ्या भाषेत ती द्यावीच लागतात, असं सुप्रीम कोर्टाने 6 नोव्हेंबर 2025 रोजी महाराष्ट्रातल्याच खटल्यात सांगितलं आहे. घरच्यांना कळवणं आणि 24 तासांत मॅजिस्ट्रेटसमोर नेणं बंधनकारक आहे.

5. महिलेला सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी अटक करता येत नाही. अपवादात्मक परिस्थितीत महिला अधिकारी आणि मॅजिस्ट्रेटची आगाऊ परवानगी लागते.

6. फोन किंवा लॅपटॉप जप्त केला तर पंचनाम्याची आणि वस्तूंच्या यादीची प्रत घ्या. जप्तीचं व्हिडिओ चित्रण कायद्याने करावं लागतं.

7. वकिलाची ऐपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा किंवा 15100 वर फोन करा. महिला आणि कोठडीत असलेली व्यक्ती यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.

घरच्यांसाठी

मुलगा-मुलगी लिहीत असेल तर "लिहू नको" म्हणण्याऐवजी टाकण्याआधी तीन प्रश्न विचारा. हे खरं आहे का? कागद कुठे आहे? रोख चुकीच्या कामावर आहे की कुठल्या समाजावर? या तिन्हींची उत्तरं नीट असतील तर लिहू द्या. गावातला बंद पडलेला नळ आणि कब्रस्तानची अडलेली जागा यांच्याबद्दल कुणीतरी लिहिल्याशिवाय ते दप्तरापर्यंत पोहोचत नाही.