विश्लेषण : वर्षाला पाच-सहाच चित्रे, एका कॅनव्हासला ६७ कोटी... वासुदेव गायतोंडे कसे घडले?

सप्टेंबर २०२५ मध्ये सॅफ्रनआर्टच्या लिलावात वासुदेव गायतोंडे यांच्या १९७० सालच्या एका चित्राला ६७ कोटी ८ लाख रुपये मिळाले. चित्राला नाव नाही. त्यात माणूस नाही, झाड नाही, डोंगर नाही. अशी बातमी आली की समाजमाध्यमांवर ठरलेली प्रतिक्रिया येते, ‘हे तर माझा पुतण्याही काढेल!’ पुतण्याला कमी लेखण्याचे कारण नाही. पण जे.जे.तून बाहेर पडल्यानंतर या कॅनव्हासपर्यंत यायला गायतोंडेंना बावीस वर्षे लागली. ती वर्षे कशात गेली, हे पाहिल्याशिवाय किमतीचा अर्थ लागत नाही.

सुरुवात माणसांच्या चित्रांपासून?

हो. गायतोंडे यांचा जन्म २ नोव्हेंबर १९२४ रोजी नागपूरचा, घराणे गोव्याचे. बालपण पुढे गिरगावातल्या चाळीत गेले. सर ज. जी. कला महाविद्यालयातून, म्हणजे सगळ्यांच्या बोलण्यातल्या जे.जे.तून, त्यांनी १९४८ मध्ये पदविका घेतली. तेव्हाच्या जे.जे.मध्ये पाश्चात्त्य पद्धतीच्या वास्तवदर्शी रेखाटनाबरोबरच जगन्नाथ अहिवासी यांचा भारतीय शैलीचा वर्गही होता. शंकर पळशीकर यांच्यासारखे शिक्षक होते. गायतोंडेंच्या सुरुवातीच्या कामात लघुचित्रे आणि जैन पोथ्यांतल्या चित्रांचा ठसा स्पष्ट दिसतो. सपाट रंग, ठाशीव रेषा, आणि चक्क माणसे. ज्याला माणूस काढता येत नाही तो अमूर्ताकडे वळतो, हा समज निदान इथे तरी टिकत नाही.

मग माणूस चित्रातून गेला कधी?

एका दिवसात नाही गेला. सूझा, रझा, हुसेन, आरा, गाडे आणि बाकरे यांनी १९४७ मध्ये सुरू केलेल्या प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपने गायतोंडेंना नंतर, १९५० मध्ये, बोलावून घेतले. पण गटात असूनही ते गटाचे झाले नाहीत. बाकीचे भडक रंग, जोरकस आकृत्या यांकडे जात असताना ते पॉल क्ली या चित्रकाराकडे बघत होते. क्लीची रेषा वस्तूची बाह्यरेषा म्हणून येत नाही, ती स्वतःच फिरायला निघते. गायतोंडेंच्या पन्नाशीच्या दशकातल्या चित्रांत हेच घडताना दिसते. आकृती आहे, मग आकृतीची खूण आहे, मग नुसतीच खूण. १९५७ मध्ये टोकियोच्या तरुण आशियाई कलावंतांच्या प्रदर्शनात त्यांना पहिले पारितोषिक मिळाले, त्यानंतर एक-दोन वर्षांतच माणूस त्यांच्या कॅनव्हासवरून कायमचा गेला.

याच काळात वॉर्डन रोडवरच्या भुलाभाई देसाई मेमोरियल इन्स्टिट्यूटमध्ये त्यांचा स्टुडिओ होता. एकाच वास्तूत चित्रकार, नाटकवाले आणि संगीतकार काम करत. तरुण नसरीन मोहम्मदी यांनी गायतोंडेंचे काम जवळून पाहिले ते इथेच. दुसरीकडे झेन विचार, रमण महर्षी आणि गिरगावच्याच खेतवाडीतले निसर्गदत्त महाराज यांची ओढ वाढत होती. मात्र त्यांच्या चित्रांना सरसकट ‘आध्यात्मिक’ म्हणून मोकळे होणे सोयीचे असले तरी फारसे उपयोगी नाही. ‘अमूर्त’ हा शब्दही त्यांना पटत नसे. ‘नॉन-ऑब्जेक्टिव्ह’ म्हणा, असा त्यांचा आग्रह असे. अमूर्त म्हटले की कशाचे तरी अमूर्तीकरण आले. इथे मुळात ती वस्तूच नाही.

हे चित्र प्रत्यक्षात तयार कसे होते?

अभियांत्रिकीच्या वर्गातून बातमीदारीत आलेल्याला सर्वात जास्त गुंतवून ठेवणारा भाग हाच. ब्रश त्यांनी जवळपास बाजूला ठेवला. हाती आले रोलर आणि पॅलेट नाइफ. रोलरने पातळ रंगाचा थर द्यायचा, तो वाळू द्यायचा, त्यावर दुसरा, मग नाइफने काही जागी खरवडून खालचा रंग वर आणायचा. पुढे त्यांनी आणखी एक युक्ती वापरली. वर्तमानपत्रे, मासिके यांचे कागद फाडायचे आणि त्यांच्या साहाय्याने रंग कॅनव्हासवर उतरवायचा किंवा उचलून घ्यायचा. चित्रलिपीसारखे, वाचता येतील असे वाटणारे पण न वाचता येणारे आकार आले ते यातून. (वर्तमानपत्राच्या कागदाचा याहून चांगला उपयोग निदान आमच्या तरी ऐकिवात नाही.)

यात योगायोग आहे, पण सोडून दिलेला नाही. कुठला थर किती वाळल्यावर पुढचा द्यायचा, किती खरवडायचे, कुठे थांबायचे, हे सगळे निर्णय आहेत. समोर उभे राहिल्यावर प्रकाश चित्राच्या आतून येतोय असे वाटते, कारण डोळा एकाच वेळी अनेक थर पाहत असतो. मोबाइलच्या पडद्यावर नेमके हेच हरवते. पुतण्याची तुलना बहुतेक वेळा पडद्यावरूनच होते, हे इथे नमूद करायला हवे.

हात चालण्यापेक्षा विचारात जास्त वेळ जाई. वर्षाला पाच-सहा चित्रे, त्याहून जास्त नाही.

न्यूयॉर्क आणि दिल्लीने काय बदलले?

रॉकफेलर शिष्यवृत्तीवर ते १९६४-६५ मध्ये न्यूयॉर्कला गेले. तिथल्या अमूर्त चित्रकारांचे मोठे कॅनव्हास त्यांनी पाहिले. म्हणून त्यांना ‘भारताचा रॉथको’ म्हणण्याची फॅशन आहे. ती अन्यायकारक आहे, कारण आकृती सोडण्याचा निर्णय त्यांनी विमानात बसण्याच्या कितीतरी आधी मुंबईत घेतला होता. १९६८ च्या सुमारास त्यांनी आडवा कॅनव्हास सोडून उभा घेतला. बदल किरकोळ वाटेल, पण आडव्या चित्रात नजर आपोआप क्षितिज शोधते, समुद्र आणि आकाश बघू लागते. उभ्या चित्रात ती सोय राहत नाही.

१९७१ मध्ये पद्मश्री मिळाली आणि पुढच्याच वर्षी त्यांनी मुंबई सोडली. दिल्लीत निजामुद्दीन ईस्टमधल्या गच्चीवरच्या एका लहान जागेत ते राहू लागले. लग्न केले नाही, गर्दीत मिसळले नाहीत. १९८४ मध्ये अपघात झाला. मोठ्या कॅनव्हाससमोर उभे राहणे अशक्य झाल्यावर काही वर्षे त्यांनी कागदावर शाईने छोटी कामे केली. दशकाच्या अखेरीस ते कॅनव्हासकडे परतले. १० ऑगस्ट २००१ रोजी ते गेले, तेव्हा कला वर्तुळाबाहेर फारशी चर्चा झाली नाही.

किमती कधी वाढल्या?

मृत्यूनंतर. डिसेंबर २०१३ मध्ये ख्रिस्टीजच्या मुंबईतल्या पहिल्या लिलावात त्यांचे १९७९ चे चित्र २३.७ कोटींना गेले. पुढच्या वर्षी न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात मोठे सिंहावलोकनी प्रदर्शन भरले. २०१५ मध्ये २९.३ कोटी, २०२१ मध्ये ३९.९८ कोटी, आणि आता ६७ कोटी. कारणे बाजाराची आहेत. एकूण चित्रे कमी, त्यातली विक्रीला येणारी त्याहून कमी. शिवाय रवि वर्मा, अमृता शेरगिल यांच्यासारख्या नऊ कलावंतांची चित्रे ‘कला-ठेवा’ ठरल्यामुळे देशाबाहेर नेता येत नाहीत. गायतोंडे त्या यादीत नाहीत, म्हणजे परदेशी ग्राहकालाही दार उघडे.

यातले चित्रकाराला किती?

लिलावात येतात ती चित्रे संग्राहकांची असतात, पैसेही त्यांनाच मिळतात. पण कॉपीराइट कायद्यात १९९४ च्या दुरुस्तीने आलेले ५३-अ हे कलम फार कमी जणांना माहीत आहे. मूळ चित्र १० हजार रुपयांहून जास्त किमतीला पुन्हा विकले गेले, तर चित्रकाराला किंवा त्याच्या कायदेशीर वारसांना त्या किमतीत वाटा मागता येतो. कमाल मर्यादा १० टक्के. ६७ कोटींचा हिशोब करून पाहा. हा हक्क कॉपीराइटची मुदत संपेपर्यंत, म्हणजे मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. कलम तीस वर्षांहून जुने असले तरी ते कागदावरच राहिल्यासारखे आहे. आज हयात असलेल्या, पहिले चित्र काही हजारांत विकणाऱ्या चित्रकारांसाठी हा मुद्दा गायतोंडेंच्या विक्रमापेक्षा महत्त्वाचा आहे, आणि विक्रमाच्या बातम्यांत तो येत नाही. आमच्याही आला नव्हता.

मूळ चित्र पाहायचे कुठे?

दिल्लीत राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाच्या संग्रहात त्यांची कामे आहेत. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातल्या जहांगीर निकल्सन दालनाच्या संग्रहातही आहेत, पण दालनातली मांडणी बदलत असते, तेव्हा जाण्यापूर्वी चौकशी करावी. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत होमी भाभांनी उभा केलेला चित्रसंग्रह आहे, त्यातही गायतोंडे आहेत. तिथे मात्र शास्त्रज्ञांना ते रोज चहाला जाता-येता दिसतात, आपल्याला आधी परवानगी काढावी लागते.